वरचं बटण लावून

मास्तरांचा फोन वाजला आणि तो एजन्सीचा असला, की ते आधी टेबलाखाली वाकून चप्पल शोधायचे. चप्पल पायात चढवायची, मग शर्टाचं अगदी गळ्याजवळचं बटण लावायचं, खुर्ची भिंतीपासून पुढे ओढून ताठ बसायचं, आणि मग फोन उचलायचा. तोवर तो वाजून वाजून बंद पडलेला असायचा. मास्तरांना त्याचं काही नसे. "गरज असन तं पुन्हा करतीन," म्हणायचे. आणि पुन्हा यायचा, खरंच.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मे महिना होता. नांदगाव पेठचा मे महिना. वर पत्रा, कोपऱ्यात कूलर, आणि कूलरमधूनही गरमच वारा. आम्ही सगळ्या ओले रुमाल मानेवर टाकून मशीनवर बसलेल्या, आणि हा माणूस गळ्यापर्यंत बटण लावून, घामाच्या धारा पुसत फोन कानाला लावून बसलेला. मी शेजारच्या मशीनवरच्या पोरीला विचारलं, "यायले काय थंडी वाजून राहिली का?"

"काकू, हळू बोला," ती म्हणाली. "भावाचा फोन हाये."

आधी थोडं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. मी घरी ब्लाऊज शिवणारी बाई. अमरावतीत वलगाव रोडला आमचं घर, समोरच्या खोलीत मशीन. क्लास वगैरे काही केला नाही. जुने ब्लाऊज उसवायचे, त्याचे तुकडे अंथरूण घातल्यासारखे जमिनीवर मांडायचे आणि बघत बसायचं, की हे असं कापलं म्हणून ते तसं बसलं. असंच शिकले. तीस वर्षं त्यावर बरं चाललं. मग तयार ब्लाऊज आले, मिस्टरांची छापखान्यातली नोकरी गेली, मुलगी बारावीला आली, आणि त्रेपन्नाव्या वर्षी मी नांदगाव पेठच्या कपड्याच्या कारखान्यात गेले.

तिथं आमचा विभाग लहान होता. हजारो शर्ट शिवायच्या आधी एक नमुन्याचा शर्ट शिवतात, तो माल घेणाऱ्या पार्टीला पाठवतात, तो पास झाला की मगच पुढचं काम सुरू होतं. तो नमुना आम्ही शिवायचो. शर्टाचा साचा जाड कागदावर काढून कापणारा जो, तो मास्तर. मास्तर अकोल्याचे. सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचे, आठवडाभर अमरावतीत एका खोलीवर राहायचे, शनिवारी संध्याकाळी परत. त्यांचं नाव मस्टरवर होतं तेवढंच. आम्ही कधी घेतलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही.

आम्ही काम कंपनीत करायचो, पण कंपनीचे नव्हतो. मधे एजन्सी होती. कंपनी एजन्सीला माणसं मागायची, एजन्सी आम्हाला रोजाच्या भावानं द्यायची. दर सहा महिन्यांनी करार नवा. हेल्परांचा भाव छापलेलाच असे, पण हातात थोडंफार कसब असलेल्यांना एजन्सीचा फोन यायचा. तुम्ही किती घ्याल, आम्ही किती देऊ. तो भावाचा फोन.

मास्तर त्या फोनला फार मानायचे. एरवी अगदी साधा माणूस. टेबलाजवळ यायच्या आधी चप्पल काढून ठेवायचा, टेबलाला हात लावून कपाळाला लावायचा, दिवसभर अनवाणी काम करायचा. पण भावाच्या वेळी पायात चप्पल पाहिजेच. मी एकदा कारण विचारलं.

"ताई, भाव नाही जमला तं उठून जाता आलं पाहिजे," ते म्हणाले. "अनवाणी माणूस आधी चप्पल शोधते. तितक्यात समोरचा जिंकते."

"पण ते तं फोनवर हायेत मास्तर. नागपूरले बसून. त्यायले कुठं दिसते तुमची चप्पल?"

"मले तं दिसते ना."

माझा स्वतःचा पहिला भावाचा फोन आला त्याची मात्र मला आजही लाज वाटते. एजन्सीचा एक जण गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमची रोजाची काय अपेक्षा आहे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "द्या समजून."

आमच्या गल्लीत असंच असतं, बरं का. शिवणारी बाई कधी भाव सांगत नाही. ब्लाऊज हातात द्यायचा आणि म्हणायचं, द्या समजून. समोरची समजून देतेच, कारण उद्या तिला तोंड दाखवायचं असतं, हळदीकुंकवाला यायचं असतं. थोडं कमी दिलं तर चार दिवसांनी वाटीभर ठेचा नाहीतर शेवया आणून देईल. तीस वर्षं मी आकडा बोलले नव्हते. आकडा तोंडाशी आला की जिभेला गाठ पडायची.

पण नागपूरचा तो माणूस काही आमच्या गल्लीत राहत नव्हता. त्यानं तीनशे ऐंशी लिहिले. माझ्या शेजारची पोरगी, जिला कॉलर धड लावता येत नव्हती, ती साडेचारशेवर होती.

मास्तरांनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कापलेला साचा फूटपट्टीनं ढकलून माझ्याकडे सरकवायचे, जसा काही मला हात लागला तर विटाळ होईल. पाचव्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"ताई, तुमी माह्यं नुकसान केलं."

"तुमचं? बाप्पा, मी काय केलं तुमचं?"

"तुमी तीनशे ऐंशीत बसल्या. आता या टेबलाचा भाव तीनशे ऐंशी झाला. उद्या ही पोरगी पाचशे मागन, तं म्हणतीन, काकू पाहा, तीस वर्षाचा हात, तीनशे ऐंशीत शिवते."

"मले वाटलं समजून देतीन."

"त्यायनं समजूनच देल्ले," मास्तर म्हणाले, आणि माझ्या चहाचे पैसे देऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी शिकवणी लावली. जेवणाच्या सुट्टीत, रोज. बॉबिनचा रिकामा डबा हा त्यांचा फोन. मास्तर एजन्सीवाले व्हायचे, आणि एजन्सीवाले झाले की त्यांची वऱ्हाडी जायची आणि नाकातून पुण्याची मराठी यायची. "नमस्कार मॅडम, काय अपेक्षा आहे आपली?" आम्ही सगळ्या डबे सोडून हसायचो. हसून झालं की माझी पाळी.

"पाचशे तरी," मी म्हणायची.

डबा टेबलावर आपटला. "'तरी' चे पन्नास गेले. पुन्हा."

"पाचशे, बरं का."

"'बरं का' चे शंभर गेले. तुमी माणूस हाये का रिबेट हाये? पाचशे म्हणा. पुढं काही नाही."

"असं एकदम तोंडावर कसं म्हणावं?"

"मंग कुठं म्हणता, पाठीवर?"

मला म्हणून दाखवता यायचं नाही. मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. मशीनला म्हणा, कूलरला म्हणा, येताजाता गेटवरच्या कडुलिंबाला म्हणा. मी एकदा टपरीवर तंद्रीत होते, चहावाल्यानं ग्लास पुढं केला आणि मी त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं, "पाचशे." तो घाबरून म्हणाला, "काकू, चहा दहाचाच हाये."

आकडा बोलता येऊ लागला तेव्हा मास्तर म्हणाले, हे सोपं होतं, कठीण आता सुरू. आकडा बोलल्यावर गप्प बसायचं. समोरचाही गप्प बसतो. ती शांतता बाईमाणसाला खातेच, पुरुषालाही खाते. काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि जे बोलशील त्यानं भाव उतरतो. त्यावर मास्तरांची युक्ती अशी: गळ्यातली मापाची टेप काढायची आणि एका टोकापासून गुंडाळायला लागायचं. घट्ट, सावकाश, एकावर एक. साठ इंच. ती संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. समोरून "मास्तर, आहात ना लाईनवर?" असं आलं तर फक्त "आहे" म्हणायचं. 'हो आहे ना, बोला ना' नाही. "आहे."

"साठ इंच गप्प बसता आलं ना ताई, तं भाव भेटते," ते म्हणायचे.

पुढच्या कराराला मला पाचशे मिळाले. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. "तू मागितले?" म्हणाले. मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा पेपर खाली करून विचारलं, "तुझ्या तोंडानं?"

मास्तर चमत्कारिक होतेच, त्यात वाद नाही. दिवाळीला एजन्सीचा माणूस सगळ्यांना सोनपापडीचे डबे वाटायला आला. मास्तरांनी डबा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "हा भावात धरला का?"

तो माणूस हसला. मास्तर हसले नाहीत.

"भावात असन तं मले पैसेच द्या, मी माह्या आवडीचं घेतो. भावात नसन तं वापस घेऊन जा. मधातलं मले काही कळत नाही."

तो बिचारा डबा परत घेऊन गेला. आम्ही बाया मास्तरांवर चिडलो, कारण आमच्या लेकरांनी डबे उघडून खाल्लेही होते. "तुमच्यामुळं पुढच्या वर्षी आमाले भेटणार नाही," मी म्हटलं. तर म्हणे, "नाही भेटला तं वीस रुपये रोज वाढवून मागा."

आणि दुसऱ्यांदा तर ह्याच्या उलटंच झालं. एका सोमवारी मूर्तिजापूरजवळ एसटी बंद पडली, मास्तर दीड तास उशिरा आले. आल्या आल्या सुपरवायझरला सांगितलं, माझा दीड तास कापा. सुपरवायझर म्हणाला, मास्तर जाऊ द्या, कोणी पाहत नाही. मास्तर ऐकेनात. कापायचा म्हटलं तर कॉम्प्युटरमधे फक्त अर्धा दिवस नाहीतर पूर्ण दिवस. अर्धा कापला तर मास्तरांवर अन्याय, नाही कापला तर कंपनीवर. आठवडाभर हा वाद चालला. शेवटी मास्तरांनीच तोडगा काढला. तीन संध्याकाळी अर्धा अर्धा तास थांबून काम केलं. कोणी म्हटलं नव्हतं, कोणी पाहतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी खडू रुमालात बांधला, टेबलाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, "आजचा झाला."

हे त्यांचं रोजचं वाक्य होतं. संध्याकाळी निघताना 'उद्या येतो' कधी म्हणाले नाहीत. "रोजाचा माणूस हाये मी," म्हणायचे. "संध्याकाळी मी मोकळा, कंपनी मोकळी. उद्याचं उद्या." अकरा वर्षं ते तिथं होते, पण 'आमची कंपनी' असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

डोळ्यांचं माझ्या लक्षात आलं ते शर्टाच्या बाहीवरून. मुंढ्याची गोलाई, म्हणजे जिथं बाही जोडतात तो भाग, मास्तर एका झटक्यात काढायचे, हात न उचलता. त्या दिवशी मी बाही जोडायला घेतली तर अर्धा इंच कमी. मास्तरांच्या साच्यात अर्धा इंच. मला वाटलं मीच चुकले. उसवून पुन्हा लावली. पुन्हा कमी. मग टेबलापाशी जाऊन पाहिलं तर कागदावर दोन रेषा होत्या, एकीच्या शेजारी दुसरी, आणि मास्तर भलत्याच रेषेवर कात्री चालवत होते.

मी पेन्सिल घेतली आणि बरोबर रेष जाड करून दिली. मास्तर थांबले. वर ट्यूबलाईट लखलखत होती.

"इकडं उजेड कमी पडून राहिला ताई," ते म्हणाले.

"हो. ट्यूब गेली वाटते," मी म्हटलं.

त्यानंतर आठ महिने तो उजेड कमीच पडत राहिला. सकाळी ते मला माप सांगायचे, मी रेषा मारायची, ते बोटानं चाचपून कापायचे. पुढं पुढं कापायचीही मीच. खांद्याचा उतार किती, गळ्याला किती सोडायचं, धुतल्यावर कोणतं कापड किती आटतं, सगळं ते बोलून दाखवायचे आणि माझ्या हातात उतरत जायचं. जुने ब्लाऊज उसवून शिकले होते तशीच मी मास्तरांकडून शिकले. फक्त इथं उसवलं जात होतं ते दुसरंच काही, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ऑपरेशनचं मी एकदा काढलं. म्हणाले, मोतीबिंदू आहे, आणि मागच्या पडद्याचंही काहीतरी आहे म्हणतात. "ऑपरेशन म्हणजे महिना. रोजाच्या माणसाचा महिना म्हणजे खुर्चीत दुसरा माणूस." विषय संपला.

आणि मग एजन्सी बदलली. जुनी गेली, पुण्याची नवी आली, सगळ्यांचे भाव नव्यानं ठरणार म्हणून कुजबुज सुरू झाली. माझा फोन आला तो रविवारी, घरी. मास्तर अकोल्याला. मुलगी होती, फार अदबीनं बोलणारी.

"मॅडम, आम्हाला कळलंय की पॅटर्नचं काम सध्या तुम्हीच करता. मास्तरांचा रेट आम्हाला जास्त पडतोय. ती जबाबदारी तुम्ही घेतलीत तर आम्ही आठशेपर्यंत जाऊ शकतो."

मी तेव्हा साडेपाचशेवर होते. आठशे. मुलगी नर्सिंगला गेली होती, तिच्या फीचा दुसरा हप्ता जवळ आला होता. मिस्टर समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. पाय अनवाणी होते माझे, फरशीवर. ते जाणवलं मला.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"सरांना का? विचारा ना मॅडम."

सर म्हणजे मिस्टर, असं तिला वाटलं. मी वाटू दिलं.

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. हो म्हटलं तर मास्तरांच्या पोटावर पाय. नाही म्हटलं तर दुसरं कोणी आणतील, मास्तर तरीही जातील, आणि फी जिथल्या तिथं. सोमवारी सकाळी टपरीवर मास्तरांना गाठलं. ते एसटीतून उतरून आले होते, पिशवी पायाशी. मी सगळं सांगून टाकलं, खाली मान घालून. कोण बोललं, काय बोललं, आकडा तेवढा सोडून.

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "किती म्हणाली?"

"आठशे."

"कमी हाये."

मी वर पाहिलं.

"मास्तर, मी नाही म्हणून सांगते. तुमची खुर्ची हाये ते."

"खुर्ची कंपनीची हाये. भाव माहा हाये." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "अकरा वर्षं लागले मले ताई, या खुर्चीचा भाव अकराशेवर न्याले. पन्नास-पन्नास करत. मी जाईन तं जाईन, पण भाव खाली नाही गेला पाहिजे. तुमी आठशेत बसल्या, तं तुमच्या मागून जो येईन त्याले सहाशे म्हणतीन."

"मले कोण देते अकराशे? ब्लाऊज शिवणारी बाई मी."

"आठ महिन्यापासून रेषा कोण मारते?"

हे त्यांनी पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. मी चहाकडे पाहू लागले, तेही दुसरीकडे पाहू लागले.

"मले सगळं दिसत नाही," ते म्हणाले. "पण इतकं दिसते."

फोन जेवणाच्या सुट्टीत करायचा ठरला. सगळ्या बाया बाहेर गेल्या. मास्तरांनी मला चप्पल घालायला लावली. मग स्वतःच्या चपला शोधून पायात घातल्या, वरचं बटण लावलं. फोन माझा होता, पण तयारी त्यांची.

"तुमचं बटण?" ते म्हणाले.

"साडीले बटण नसते मास्तर."

यावर त्यांनी खरोखर विचार केला. "पदर खोचा," म्हणाले.

मी पदर खोचला. त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली, समोर बसले, आणि मी फोन लावला.

"बोला मॅडम. विचारलं का सरांना?"

"विचारलं."

"मग?"

"अकराशे."

आणि मी टेप गुंडाळायला लागले. एक इंच, दोन इंच. तिकडून आधी काहीच नाही. मग, "मॅडम, अकराशे तर मास्तरांचा रेट आहे." तो प्रश्न नव्हता, मी उत्तर दिलं नाही. पंधरा इंच. "त्यांना पंचवीस वर्षांचा अनुभव आहे मॅडम, तुम्हाला तर पॅटर्नचा..." वाक्य तिनंच सोडून दिलं. तीस इंच. चाळीस इंचाला माझ्याच्यानं राहवेना. बरं नऊशे द्या, हजार द्या, अहो फी भरायची आहे, असं सगळं घशापर्यंत आलं आणि मी श्वास घेतला. माझं तोंड मास्तरांना दिसत नव्हतं, पण श्वास ऐकू आला असणार. त्यांनी हातातला खडू टेबलावर एकदा टक् केला. मी तोंड मिटलं.

"मॅडम, आहात ना?"

"आहे."

साठ इंच झाले. टेप माझ्या मुठीत चकलीसारखी घट्ट, आणि तिकडे अजून शांत. मी मास्तरांकडे पाहिलं, आता काय म्हणून. मास्तरांनी हात पुढे केला, चाचपून टेपचं टोक धरलं आणि ओढलं. सगळी टेप सुटून टेबलावर पडली. मी पुन्हा पहिल्या इंचापासून सुरुवात केली.

"मी वर विचारून कळवते मॅडम," ती म्हणाली.

चार वाजता फोन आला. अकराशे दिले. दोघांचं काम एका रोजात पडणार होतं त्यांना.

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी वरचं बटण काढलं. "मधात श्वास घेतला तुमी," म्हणाले. "पण चालते." आणि लगेच, जसं काही झालंच नाही, "तो निळा शर्ट काढा, त्याच्या खिशाचं माप राहिलं हाये."

कंपनीच्या बसमधे घरी जाताना मला रडू आलं. अकराशेचं नाही. मी जिंकले की मी त्यांना काढलं, हे मला कळेना. तेव्हा कळलं नाही आणि आताही विचाराल तर मी सांगू शकणार नाही. फी भरली एवढं खरं.

महिनाअखेर मास्तरांचा शेवटचा शनिवार होता. आम्ही बायांनी शाल आणि नारळ आणला होता, सुपरवायझर दोन शब्द बोलणार होता. मास्तरांनी शाल पाहिली आणि म्हणाले, "महिन्याच्या माणसाले निरोप देतात. मी तं रोजच संध्याकाळी जातो." नारळ तेवढा घेतला, फोडला आणि आम्हालाच वाटला. खडू रुमालात बांधला. टेबलाला हात लावून कपाळाला लावला.

"आजचा झाला," म्हणाले, आणि गेले.

पुढं ऑपरेशन झालं. चेहरे दिसू लागले, बारीक रेष काही दिसेना. हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. मास्तर स्वतः असलं काही सांगायचे नाहीत. दिवाळीला फोन नाही, संक्रांतीला नाही. पण दर सहा महिन्यांनी माझा करार नवा झाला, की त्या संध्याकाळी फोन वाजायचा. त्यांना तारीख कशी पाठ असायची कोण जाणे.

"किती?"

"बाराशे."

"कमी हाये." की फोन बंद.

पुढं तेराशे झाले. कमी हाये. साडेतेराशे झाले. कमी हाये. मिस्टर म्हणायचे, हा माणूस तुला बरी आहेस का एवढंही विचारत नाही. मी काय सांगणार? मी मात्र त्यांचा फोन चप्पल घालूनच उचलायची. आता मुलगी नागपूरच्या दवाखान्यात नोकरीला आहे. मी त्रेसष्टची, अजून जाते. शिवत नाही, नव्या पोरींना साचा काढायला शिकवते, रोजाच्या भावानं. पहिल्या दिवशी त्यांना पेन्सिल देत नाही. आधी आकडा बोलायला लावते. 'तरी' चे पन्नास कापते.

यंदाच्या उन्हाळ्यात करार झाला आणि संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच अकोल्याला लावला. सुनेनं उचलला.

"काकू, बाबाले झटका आला फाल्गुनात. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही त्यायले, पण समजते सगळं."

मी पलंगावर बसले. मग म्हटलं, "फोन लावतेस त्यांच्या कानाले?"

"बाबा," तिचा आवाज जरा लांबून आला, "अमरावतीच्या काकू. कारखान्यातल्या." मग काहीतरी हलल्याचा, पलंग करकरल्याचा आवाज. ती परत फोनवर आली. "थांबा काकू. डावा हात गळ्यापाशी नेऊन राहिले सारखा. पाणी मागत असतीन."

"पाणी नाही. अंगात शर्ट आहे का त्यांच्या?"

"हाये ना."

"वरचं बटण लावून दे."

"गरमीत?"

"लाव बाई."

थोडा वेळ गेला. "लावलं. आता पाय हलवून राहिले."

"चप्पल घाल त्यांच्या पायात."

"काकू, पलंगावर झोपून हायेत ते."

"असू दे. घाल."

तिकडे चपलांचा आवाज आला. तोवर मीही उठून माझी चप्पल घातली, पदर खोचला, शिवणाच्या डब्यातून टेप काढली. मग फोनमधे मास्तरांचा श्वास ऐकू आला. जड, एका बाजूनं येणारा.

"मास्तर," मी म्हटलं, "पंधराशे."

आणि गुंडाळायला लागले. ते आता 'कमी हाये' म्हणू शकणार नव्हते, हे मला माहीत होतं. पण आकडा बोलल्यावर बोलायचं नसतं. वीस इंच, चाळीस इंच. तिकडे तो श्वास चालला होता, माझ्या बोटांबरोबर. साठ झाले. मी टोक धरून टेप सोडून दिली आणि पुन्हा पहिल्या इंचाला लागले.

"काकू," शेवटी सूनच घाबरून म्हणाली, "आहात ना?"

"आहे," मी म्हटलं.